कोरडेसाहेबांचा शॉवर

रविवारी सकाळी आठ वाजता कोरडेसाहेबांना शॉवरच्या डाव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका दिसला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

ठिपका मोहरीएवढाही नव्हता. दुसऱ्या कुणाच्या घरी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. कोरडेसाहेबांनी मात्र चष्मा पुसला, नाइट ड्रेसच्या खिशातलं भिंग काढलं आणि गुडघ्यांवर बसून त्या ठिपक्याकडे पाहिलं. ठिपक्यानंही त्यांच्याकडे पाहिलं असावं, कारण दोघंही बराच वेळ जागचे हलले नाहीत.

"गेलं," कोरडेसाहेब म्हणाले. "वर्ष पाण्यात गेलं."

कोरडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या ग्रंथालयात ते जुन्या पुस्तकांच्या जतन विभागाचे प्रमुख होते आणि गेली बावीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला "कोरडं ठेवा, कोरडं ठेवा" एवढंच सांगत आल्यामुळे हे नाव त्यांना चिकटलं होतं. बुरशीशी त्यांचं हाडवैर. एकदा निरोपसमारंभात निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तर साहेबांनी आधी त्याच्यासमोरचं मानपत्र बाजूला सरकवलं आणि मग त्याला रुमाल दिला. कुणी जुनं पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणलं की ते कपाळावर हात मारत. "अहो, श्वास कोंडतो त्याचा! आत बुरशी धरते. इतकी साधी गोष्ट कळू नये माणसाला?" शेजारच्या टेबलावर फाटक्या पुस्तकांची बांधणी करणाऱ्या बाईंना हे वाक्य पाठ झालं होतं. साहेबांनी तोंड उघडण्याआधीच त्या ओठातल्या ओठात ते म्हणून घेत.

अशा माणसाच्या घरात न्हाणीघराच्या फरश्यांचे सांधे काळे पडले, तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करावी. साहेबांनी सगळ्या फरश्या काढून टाकल्या आणि तिथे ॲक्रिलिकचा शॉवर बसवला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, तीन बाजूंनी अखंड भिंती आणि पुढे सरकतं दार. खाली बसकण भिंतीला भिडते तिथे सिलिकॉनची बारीक रेघ, एवढाच काय तो सांधा.

अडचण एकच होती. त्या फरश्या नानांनी बसवल्या होत्या.

नाना म्हणजे साहेबांचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरी फरश्या बसवल्या. लेकीचा संसार मांडला गेला तेव्हा त्यांनी तिचं न्हाणीघर स्वतःच्या हातानं केलं होतं. निळ्या काठाच्या फरश्या, एकेक सांधा बोटानं भरलेला. त्या जागी तो पांढरा डबा पाहिला आणि नानांच्या मिशा थरथरल्या.

"जावईबापू, विचारायचं तरी होतंत."

"नाना, सांध्यांत बुरशी धरली होती. यात धरणार नाही."

"या प्लॅस्टिकच्या डब्यात?"

"ॲक्रिलिक, नाना."

"वर्षभरात यात बुरशी धरली नाही, तर मिशी उतरवीन!"

"आणि एक जरी काळा ठिपका सापडला, तर हा शॉवर मी माझ्या हातानं काढीन," साहेबही ऐकणाऱ्यातले नव्हते.

त्यानंतर नाना घरी आले नाहीत. फोनवर लेकीशी बोलत, नातीशी बोलत आणि शेवटी विचारत, "डबा काय म्हणतो?" आज त्या गोष्टीला वर्ष होत होतं आणि अकरा वाजता नाना निकाल लावायला येणार होते. साहेबांची बायको आठवडाभर घर आवरत होती. ती पोहण्याची शिक्षिका होती. दिवसभर पाण्यात राहणाऱ्या बाईनं दिवसभर कोरडं ठेवणाऱ्या माणसाशी संसार केला, हेच मुळात एक आश्चर्य. तिनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं, "तुमच्या डब्याशी आणि त्यांच्या मिशीशी मला काही देणंघेणं नाही. नाना या घरात जेवायला बसलेले मला पाहायचेत. आज काही गडबड झाली तर बघा."

आणि आज नेमका हा ठिपका!

खरं तर साहेबांनी वर्षभर डोळ्यांत तेल घालून राखण केली होती. न्हाणीघराच्या दारावर त्यांनी नियम चिकटवले होते. अंघोळ झाल्यावर भिंती वरून खाली वायपरनं निपटायच्या. मग मऊ फडक्यानं पुसायच्या. कोपरे टिपकागदानं टिपायचे. साबणाची वडी आत ठेवायची नाही, कारण साबणाचा थर हे बुरशीचं पंचपक्वान्न. दार अर्धं उघडं, पंखा अर्धा तास. छत स्टुलावर उभं राहून पुसायचं, पण स्टूल शॉवरमध्ये न्यायचं नाही. हे कसं जमवायचं ते ज्याचं त्यानं पाहावं. शेवटी आतल्या आर्द्रतामापकाचा आकडा खुंटीवरच्या वहीत लिहायचा आणि पुढे सही करायची. वही भिजू नये म्हणून साहेबांनी तिला छान कव्हर घातलं होतं.

ठिपक्यावर त्यांनी आधी व्हिनेगर मारलं. शनिवारी शनिवारी ते सगळ्या शॉवरला व्हिनेगर मारतच असत, त्यामुळे त्या खोलीत शिरलं की दुसरा कुठला वास नाकाला कळतच नसे. दहा मिनिटं थांबले. ठिपका जसाच्या तसा. मग जुन्या टूथब्रशनं घासलं. ठिपका हलेना. मग खाण्याच्या सोड्याची पेस्ट करून लावली आणि जोर लावला, तेव्हा ठिपका हलला, पण गेला नाही, पसरला. आता मोहरीच्या जागी बोटभर लांबीचा करडा फराटा होता.

"अहो, आत काय चाललंय एवढा वेळ?" बाहेरून बायकोचा आवाज आला.

"काही नाही! पुसतोय!"

"पुसा, पुसा. नाना बारकाईनं बघतात."

हे ऐकून साहेबांना घाम फुटला. घाम म्हणजे ओलावा, म्हणून त्यांनी तो लगेच टिपकागदानं टिपला.

एकच उपाय उरला होता. त्यांनी पात्यानं कोपऱ्यातली सिलिकॉनची रेघच्या रेघ कापून काढली, कागदाच्या पुडीत बांधली आणि खिशात घातली. मग कपाटातली नवी ट्यूब आणून ताजी रेघ भरली, बोटानं सारखी केली. रेघ अशी सुरेख जमली की साहेब स्वतःवरच खूश झाले. मग सवयीनं त्यांनी ट्यूबवरचा मजकूर वाचला. 'भरल्यापासून चोवीस तास पाणी लागू देऊ नये.'

'हरकत नाही,' साहेबांनी मनाशी म्हटलं. 'नानांना नुसतं बघायचंय. बघायला पाणी कशाला?'

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दहाच वाजले होते आणि दारात नाना उभे होते. खांद्यावर टॉवेल, हातात कपड्यांची पिशवी, मिशा टोकदार.

"लवकर आलात, नाना!" साहेब म्हणाले.

"अंघोळ न करताच निघालो, जावईबापू. म्हटलं, डब्यात अंघोळ करूनच निकाल द्यावा. कोरडा डबा काय, कुणीही स्वच्छ दाखवील."

बायकोच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. "करा ना नाना, खुशाल करा! मी चहा टाकते, तोवर पाणी तापतंय."

साहेबांच्या डोक्यात चक्र फिरलं. ताजी रेघ भिजली तर सुटणार, सुटली तर नाना विचारणार, विचारलं तर पुडी बाहेर येणार. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पाणी नाहीये!"

"नाही कसं? आत्ता तर होतं," बायको म्हणाली.

"आत्ताच गेलं. म्हणजे जाणार आहे. जातंय."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसानं खोटं बोलू नये. बोललाच, तर ते खरं करण्याच्या मागे लागू नये. साहेब "बघून येतो" म्हणत जिन्याखाली गेले आणि घराच्या पाण्याची मुख्य चावी त्यांनी घट्ट बंद केली. वर आले तेव्हा बायको रिकामं भांडं घेऊन नळासमोर उभी होती.

"खरंच गेलं हो. आता चहा कसा करू?"

"नुसतं दूध दे," साहेब उदारपणे म्हणाले.

इतक्यात मागच्या गॅलरीचं दार धाडकन उघडलं आणि त्यांची सतरा वर्षांची लेक बाहेर आली. अंगाला टॉवेलचा झगा, डोक्यावर शॅम्पूच्या फेसाचा डोंगर, एक डोळा मिटलेला.

"आई! पाणी कुठे गेलं? माझ्या डोळ्यात चाललाय फेस!"

नानांनी नातीकडे पाहिलं. मग न्हाणीघराच्या बंद दाराकडे पाहिलं. "तू अंघोळ कुठे करत होतीस, बाळ?"

"गॅलरीत. धुण्याच्या जागेत," लेक म्हणाली, आणि मग उघड्या डोळ्यानं तिला बाबा दिसले. "म्हणजे... आजच. आजच्या दिवस."

"थांब, वरच्या काकूंकडून बादली आणते," म्हणत आई वर पळाली आणि दोन मिनिटांत भरली बादली घेऊन आली. तिच्या कपाळावर आठी होती. "काकू म्हणतात, पाणी कुठे गेलंय? त्यांच्याकडे धो धो येतंय."

चाळीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत काढलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. नाना मुकाट्यानं जिन्याखाली गेले. घरातल्या सगळ्या नळांना एकदम कंठ फुटला. वर येऊन त्यांनी हात पुसले.

"पाणी गेलं नव्हतं. चावी बंद होती. जावईबापू, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? काय झालंय?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. एवढं वर्ष वाट पाहून आलेला बाप आता दारातूनच परत फिरतो की काय, अशी भीती तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती. ती पाहून साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खिशातली पुडी काढून नानांच्या हातात दिली.

"ठिपका सापडला, नाना. आज सकाळी. मी हरलो. रेघ कापून लपवायला निघालो होतो, हे त्याहून वाईट."

नाना खुर्चीवर बसले. पुडी सोडून त्यांनी ती रेघ उजेडात धरली, मग नाकाशी नेली, मग बोट ओलं करून घासलं.

"ही बुरशी नाही."

"अं?"

"शाई आहे. बघा, बोटाला लागली. काळी शाई."

साहेबांनी भिंग लावलं. क्षणभर पाहिलं आणि त्यांची कानशिलं तापली. ती त्यांचीच शाई होती; ग्रंथालयातली, शंभर वर्षं न फिकी पडणारी, नुसत्या पाण्यानं न जाणारी, पण सोड्यानं घासून सुटलेली. कालच शॉवरमध्ये उभं राहून त्यांनी वर्षअखेरचा आकडा वहीत लिहिला होता आणि टोपण न लावता पेन कोपऱ्यात टेकवून छत पुन्हा एकदा पुसायला वळले होते. बावीस वर्षं बुरशी ओळखणाऱ्या माणसानं घाबरल्यापायी पराचा कावळा केला होता.

"म्हणजे बुरशी नाहीच!" साहेब उडालेच. "नाना, मी जिंकलो! वर्षभर तीन माणसांनी रोज अंघोळ केली आणि एक ठिपका नाही! मिशी..."

"तीन माणसांनी?" नाना शांतपणे म्हणाले आणि त्यांनी नातीकडे पाहिलं.

फेस आता तिच्या खांद्यावर उतरला होता. "बाबा, रागावू नका हं. एका अंघोळीमागे पाऊण तास पुसायला लागतो. माझं कॉलेज आठला असतं. मी पहिल्या महिन्यापासूनच गॅलरीत करते."

"आणि तू?" साहेब बायकोकडे वळले.

"मी तलावावरच करून येते," ती म्हणाली. "तिथे कुणी सही मागत नाही."

"पण वहीत रोज आकडे आहेत! तुमच्या सह्या आहेत!"

"आदल्या दिवशीच्या तुमच्या आकड्यात एक मिळवायचा," लेक म्हणाली. "आई एक वजा करते. सारखे नको ना दिसायला."

साहेब मटकन खाली बसले. याच आकड्यांकडे पाहून त्यांनी ग्रंथालयात बढाई मारली होती की शिस्त म्हणजे काय ते माझ्या घरी येऊन पाहा.

"आणा बघू ती वही," नाना म्हणाले.

नातीनं खुंटीवरची वही आणून दिली. साहेब रोज फीत घातलेलं पान तेवढं उघडत, लिहीत आणि मिटत. नानांनी मात्र कव्हर काढलं आणि पहिल्या पानापासून वही उघडली. घरभर एक कुबट वास पसरला. शिवणीच्या कडेनं, पहिल्या महिन्यापासून थेट नवव्या महिन्यापर्यंत, हिरवी-काळी, मखमली, अगदी तब्येतीनं वाढलेली बुरशी होती.

नानांनी ते कव्हर बोटांच्या चिमटीत धरून वर केलं.

"हे कशाचं आहे, जावईबापू?"

"प्लॅस्टिकचं," साहेब अस्पष्ट आवाजात म्हणाले.

आधी हसली ती लेक. मग तिची आई. ती हसता हसता डोळे पुसत भिंतीला टेकली आणि साहेबांनी एकदाही तिला टिपकागद दिला नाही, यावरून त्यांची अवस्था ओळखावी. शेवटी नानांच्या मिशा हलल्या. साहेब मात्र उठले, स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढले.

"अहो, आता काय? रुसलात की काय?"

"शब्द म्हणजे शब्द. न्हाणीघरात बुरशी सापडली. शॉवर काढतो आणि नानांच्या फरश्या परत बसवतो."

"फरश्या कुठून आणणार? त्या तर फोडून..." नाना बोलता बोलता थांबले.

साहेब खोकं घेऊन खाली उतरले होते. दुसरं आणायला परत वर गेले. अशी चार खोकी झाली. नानांनी पहिलं उघडलं. आत निळ्या काठाची फरशी होती, ग्रंथालयात दुर्मिळ नकाशे गुंडाळतात तसल्या पातळ पांढऱ्या कागदात नीट गुंडाळलेली. वर चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर न पुसल्या जाणाऱ्या शाईत लिहिलं होतं : 'पूर्वेची भिंत, रांग तिसरी, डावीकडून दुसरी. स्थिती उत्तम.' तिच्याखालची फरशी फुटलेली होती, पण तिचे पाचही तुकडे जागच्या जागी लावून बांधले होते.

"हे मलाही ठाऊक नव्हतं," बायको हळूच म्हणाली.

"टाकवेना," साहेब पुटपुटले. "मिस्त्री लावून एकेक सुटी करून घेतली. इतकं चांगलं काम होतं. माझं भांडण सांध्यांशी होतं, नाना. फरशीशी नव्हतं."

नानांनी ती फरशी तळहातावर घेऊन तिच्या निळ्या काठावरून अंगठा फिरवला. त्यांचे डोळे भरून आले, पण ते त्यांनी टॉवेलनं पुसले आणि दोष गॅलरीतून उडालेल्या शॅम्पूला दिला.

"विचारायचं तरी होतंत," ते पुन्हा म्हणाले, पण आता त्यात राग नव्हता. मग त्यांनी घसा खाकरला. "ऐका. डबा राहू दे. वाईट नाहीये. नळ बंद केल्यावर एकदा वायपर मारायचा आणि दार उघडं टाकायचं, एवढं पुरे. आणि वही बंद. या फरश्या मी मागच्या गॅलरीत लावतो. या घरातली शहाणी माणसं जिथे अंघोळ करतात, तिथे."

"मग तुम्ही आज अंघोळ..." बायकोनं विचारलं.

"डब्यातच करणार. त्याशिवाय जात नसतो."

साहेबांनी खाली मान घालून ट्यूब पुढे केली. नानांनी मजकूर वाचला. 'चोवीस तास.'

"म्हणजे उद्यापर्यंत राहावं लागणार," नाना लेकीला म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा नवऱ्याच्या एखाद्या चुकीवर तिला इतकं प्रेम आलं. तिनं ताटं मांडायला घेतली.

सोमवारी सकाळी नानांनी शॉवरखाली पाऊण तास अंघोळ केली, साबणाची वडी आत ठेवली, वायपर एकदाच आणि तोही तिरका फिरवला, आणि मिशीला पीळ देत बाहेर आले. साहेबांनी डोळे मिटून घेतले, पण तोंड उघडलं नाही. ते ग्रंथालयात गेले आणि एक जाड कागदी पाकीट बांधणीवाल्या बाईंच्या टेबलावर ठेवलं.

बाईंनी हातमोजे चढवले, वही बाहेर काढली आणि नाक मुरडलं. "अगं बाई! काय हे! कशात ठेवली होती ही?"

"प्लॅस्टिकमध्ये. अंघोळीच्या खोलीत."

"श्वास कोंडतो हो तिचा! इतकी साधी गोष्ट कळू नये माणसाला?" बाई म्हणाल्या आणि आवक-पुस्तक पुढे ओढलं. "कुणाची म्हणून लिहू?"

साहेबांनी खिशातलं पेन काढलं, आणि टोपण आधी बोटांत नीट धरून ठेवलं.

"द्या इकडे," ते म्हणाले. "सही मीच करतो."